सांभाळणारंच माणूस पडतं तेव्हा

काकांना पार्किन्सन्स होऊन सहा-सात वर्षं झालेली असतात. त्यांचं सगळं काकू करतात. सकाळची पहिली गोळी, आंघोळ, शर्टाची बटणं, रात्रीतून दोन-तीनदा लघवीला नेणं. मुलगा परदेशी, मुलगी शनिवार-रविवार येऊन जाणारी. आणि एका पहाटे बाथरूमच्या दारात काकूच पडतात. खुब्याचं हाड मोडतं. शेजारीपाजारी हळहळतात, 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतात, कुणीतरी पत्रिका दाखवून घ्या असंही सुचवतं.

हे कुठल्या एका घराचं वर्णन नाही. वॉर्डात दाखल करताना 'घरी दुसरं कोण असतं?' असं विचारलं की 'मिस्टर आहेत, पण त्यांचंच सगळं करावं लागतं' हे उत्तर अनेकदा ऐकू येतं. नवरा बायकोला सांभाळत असेल तर भूमिका उलट, गोष्ट तीच.

मग एकाच घरात पाठोपाठ दोन संकटं येणं हा योगायोग समजायचा का? काही वेळा असेलही. पण बऱ्याचदा दुसऱ्या संकटाची वाट पहिल्याने करून ठेवलेली असते. निकोलस ख्रिस्ताकिस आणि पॉल ॲलिसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या ५,१८,२४० वृद्ध जोडप्यांच्या नोंदी तपासून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार रुग्णालयात दाखल झाला की दुसऱ्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, हे त्यात दिसलं. मात्र तो किती वाढतो हे आजारावर अवलंबून होतं. पत्नीला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या पुरुषांपैकी वर्षभरात ६.४ टक्के दगावले. पत्नीला स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी ८.६ टक्के. बायकांमध्ये हेच आकडे ३ आणि ५ टक्के होते. म्हणजे जीवघेण्या आजारापेक्षा माणसाला वर्षानुवर्षं परावलंबी करून ठेवणारा आजार जोडीदाराला महाग पडत होता. हे आकडे मृत्यूचे आहेत, पडण्याचे नव्हेत. पण सांभाळणाऱ्याच्या शरीरात नेमकं काय चाललेलं असतं, हा प्रश्न ते उभा करतात.

पहाटे तीन वाजता

आपण आडवे असताना रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उठून उभं राहिलं की त्यातलं अर्धा लिटरभर, कधी त्याहूनही जास्त, पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. दाब उतरल्याचं त्यांना लगेच कळतं, मग हृदयाचे ठोके वाढतात, पायांतल्या वाहिन्या आवळतात आणि मेंदूचा पुरवठा टिकतो. तरुणपणी हे सगळं दोन-चार सेकंदांत उरकतं. सत्तरीत ते रेंगाळतं. त्यात रक्तदाबाची, झोपेची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी रेंगाळतं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला आजार म्हणून धरतात.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं. पण सांभाळणारी बाई बसत नाही. हाक आली की ती उठते आणि चालू लागते. पार्किन्सन्समध्ये काकांचाही दाब उभं राहिल्यावर उतरतो. त्यामुळे अंधारात एकमेकांना धरून निघालेल्या त्या दोघांपैकी कुणाचंच डोकं पुरतं थाऱ्यावर नसतं.

तुटक झोपेचा परिणाम वेगळा. चालणं आपल्याला आपोआप घडणारी गोष्ट वाटते, पण वय वाढतं तसं त्याला लक्ष पुरवावं लागतं. स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी १९९७ साली वृद्धाश्रमातल्या लोकांवर एक साधी गोष्ट पाहिली: चालता चालता कुणी बोलायला लागलं तर कोण थांबतं? जे थांबत होते त्यांतले बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ज्याला बोलायचं म्हणून चालणं थांबवावं लागतं, त्याच्याकडे लक्षाची शिल्लक कमी उरलेली असते. काकूंना तर चालायचं असतं, काकांचा तोल धरायचा असतो, त्यांच्या पावलांवर नजर ठेवायची असते आणि 'हळू, उंबरा आहे' असं सांगायचंही असतं. स्वतःच्या पायाखालचं पायपुसणं सरकलंय, हे बघायला कोण शिल्लक आहे?

आता पडणं नेमकं दारातच का झालं ते पाहू. पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि हे अरुंद जागी, वळणावर, विशेषतः दाराच्या चौकटीत जास्त घडतं. काका तिथे खिळतात. काकू त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, दोन्ही हात धरून ओढतात. म्हणजे स्वतः उलट्या चालत असतात. पाय सुटतो तेव्हा एकदम सुटतो आणि सगळा भार अंगावर येतो. खरं तर ओढायची गरज नसते. चौकटीच्या अलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या दोन-तीन आडव्या रेघा मारल्या आणि 'रेघ ओलांडा' असं सांगितलं, किंवा एक-दोन, एक-दोन असा ठेका धरला, तर पुष्कळांचं पाऊल उचलतं. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट पार्किन्सन्सने अडवलेली असते. डोळ्यांनी पाहून किंवा ठेका ऐकून पाऊल टाकण्याची वाट बरीच मोकळी असते. ही युक्ती शिकवायला फिजिओथेरपिस्टला पाच मिनिटं लागतात. निदान होतं त्या वर्षीच ती शिकवली जात नाही, याचं मला नवल वाटतं.

पन्नाशी-साठीत माणूस पडताना हात पुढे टाकतो, म्हणून त्या वयात मनगटं जास्त मोडतात. पुढे हात टाकायला उशीर होऊ लागतो. माणूस कुशीवर आपटतं आणि सगळा मार खुब्यावर येतो. उभ्या उंचीवरून पडताना शरीरात जेवढी ऊर्जा असते, ती म्हाताऱ्या खुब्याला मोडायला पुरेशीहून जास्त असते. त्यामुळे 'नुसत्या पडल्या, तेवढ्याने हाड कसं मोडलं?' या प्रश्नात तसं काही गूढ नाही.

उचलण्याचं गणित

पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेऊन बायका मैलभर चालत. तीच कळशी हात लांब करून धरून पाहा. दहा सेकंदांत खांदे थरथरू लागतील. वजन तेवढंच असतं, फक्त अंतर बदललेलं असतं. पाठीच्या कण्यामागचे स्नायू मणक्याच्या टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. पलंगावर वाकून माणसाला बसतं करताना त्याचा भार टेकूपासून अर्ध्या मीटरवर असतो, म्हणजे दहापट लांब. त्याच्या वजनातले वीस किलो जरी आपल्या हातांवर आले, तरी पाठीच्या स्नायूंना दोनशे किलोंचा जोर लावावा लागतो. तो दाब सोसतो मणका.

अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा संस्थेच्या सूत्रात धडधाकट कामगाराने अगदी सोयीच्या स्थितीत उचलायची कमाल मर्यादा २३ किलो धरली आहे. रुग्णाला उचलायचं असेल तर ती साधारण १६ किलोंवर येते, कारण माणूस पेटीसारखा स्थिर राहत नाही. पासष्ट किलोंच्या नवऱ्याला एकटीने उठवणारी सत्तरीची बाई या मर्यादेच्या आत कशी बसेल?

ठिसूळ झालेला मणका अशा वेळी आवाज न करता चेपतो. 'कंबर धरली' म्हणून बाम चोळला जातो, दोन आठवड्यांनी दुखणं उतरतं. कुणी एक्स-रे काढत नाही. पूर्वी बेताचा होणारा गाऊन जमिनीवर लोळायला लागला, म्हणजे उंची कमी झाली, तर ती खूण गंभीरपणे घ्यायला हवी. मणका चेपला असेल तर खुब्याचं हाड मोडण्याची शक्यताही वाढलेली असते.

हाडाच्या आत

हाड मेलेलं, एकदा बांधलं की संपलं असं नसतं. शहरातल्या रस्त्यांप्रमाणे त्याचीही सतत खोदाई आणि भराई चाललेली असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुना, तडे गेलेला भाग खोदून काढतात; ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी मागून येऊन खड्डा भरतात. वर्षभरात सांगाड्याचा साधारण दहावा भाग असा नव्याने बांधला जातो. गोची वेळेच्या हिशेबात आहे, आणि महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या कुणालाही ती लगेच उमगेल: खोदायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. एकाच वेळी जास्त ठिकाणी खोदाई निघाली की भराई मागे पडणारच.

तिशीपर्यंत भराई पुढे असते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेनचा खोदाईवरचा वचक सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं हाड भराभर विरळ होतं. इथवरची गोष्ट सगळ्याच बायकांची. सांभाळणाऱ्या बाईची भर पुढे सुरू होते. भरणाऱ्या पेशींना काम मिळतं ते हाडावर भार पडला की, म्हणजे चालण्याने, जिने चढण्याने. काका एकटे राहू शकत नाहीत म्हणून काकूंचं संध्याकाळचं फिरणं बंद झालेलं असतं. ऊन अंगावर पडत नाही, ड जीवनसत्त्व उतरतं. जेवण सगळ्यांत शेवटी, उभ्याउभ्या. स्वतःच्या डोळ्यांचा नंबर तीन वर्षांत तपासलेला नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन 'यांचं जरा स्थिर झालं की' म्हणून पुढे ढकललेलं.

याखेरीज ताण. सततच्या ताणात शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त सोडतं. हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, कारण स्टेरॉइड भरणाऱ्या पेशींना थंड करतं. जखम भरून येण्यावरही ताणाचा परिणाम होतो, आणि तो मोजलेला आहे. ओहायोतल्या जेनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या तेरा बायका घेतल्या आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या दुसऱ्या तेरा. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली, सांभाळणाऱ्या बायकांची ४८.७ दिवसांत. नऊ दिवसांचा फरक. अभ्यास लहान आहे, पण डोळ्यांना दिसेल असं मोजमाप त्यात आहे.

मोडल्यावर घाई कशाची?

'हाडच ना, पडून राहिल्या की जुळेल.' हाताच्या हाडाबाबत हे पुष्कळदा खरं असतं. खुब्याचं शरीरशास्त्र निराळं आहे.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो कमरेच्या खळग्यात फिरतो. गोळा आणि मांडीचं हाड यांना जोडणारी आखूड, तिरपी मान असते. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेच्या अंगानेच वर चढतात. हाड मानेत मोडून सरकलं तर त्या वाहिन्याही तुटतात आणि गोळा उपाशी पडतो. मग तो जुळण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून वयस्क माणसात डॉक्टर 'बॉल बदलू' म्हणतात. मानेच्या खाली मोडलं असेल तर तिथे रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. आत रॉड किंवा प्लेट-स्क्रू घालून तेच हाड जुळवता येतं. शेजारच्या आजींना बॉल टाकला आणि आपल्याला रॉड, म्हणून शंका घेण्याचं कारण नाही.

या दोन्ही ऑपरेशनांचा हेतू एकच, माणसाला लवकर उभं करणं. अंथरुणात पडून राहण्याची किंमत किती, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसलं. सरासरी ६७ वर्षांच्या, अगदी निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस, मुख्यतः स्नायू, झडलं. ती निरोगी माणसं होती. हाड मोडलेल्या, कमी जेवणाऱ्या, वेदनेत असलेल्या म्हातारीचं काय होत असेल ते ओळखता येईल. त्याशिवाय पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायांत रक्ताच्या गाठी होतात, माकडहाडावर जखमा पडतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात जातो, असं अनेक देशांतल्या नोंदी सांगतात. त्यांतल्या अनेकांना नेतं ते हे पडून राहणं आणि त्याच्या पाठोपाठ येणारी दुखणी.

म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात: दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टसोबत उभं करणं. याहून घाई करून फायदा होतो का, हेही तपासलं गेलंय. १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सहा तासांच्या आत ऑपरेशन करण्याचं लक्ष्य ठेवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. भ्रम होण्याचं प्रमाण मात्र कमी झालं आणि माणसं लवकर उभी राहिली. तेव्हा साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचं 'फिटनेस' यांसाठी भूलतज्ज्ञाने एखादा दिवस मागितला तर तो द्यावा. 'मुलगा अमेरिकेहून निघालाय, तो आला की ठरवू' म्हणून आठवडा घालवू नये. मुलाला व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलता येतं.

तिसऱ्या रात्रीचा भ्रम

ऑपरेशन नीट होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काकू सलाइन ओढून उठायला बघतात. 'सातची गोळी राहिली, सोडा मला.' मुलीला ओळखत नाहीत. घरचे हादरतात, आता यांनाही वेड लागलं का?

याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. वेदना, भूल, अपुरी झोप, शरीरात पाणी कमी पडणं, लघवीतला जंतुसंसर्ग, गुंगीची औषधं, अशी बरीच कारणं एकत्र आली की म्हाताऱ्या मेंदूचं लक्ष ठेवण्याचं आणि वेळ-जागा ओळखण्याचं काम विस्कटतं. तो दिवसात चढ-उतार दाखवतो, संध्याकाळनंतर वाढतो आणि बहुतेकांत काही दिवसांत ओसरतो. हात बांधल्याने बिघडतो. चष्मा आणि कानाचं मशीन घरून आणून देणं, दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवणं, रात्री उगाच न उठवणं, ओळखीचा चेहरा समोर असणं यांचा उपयोग होतो. चष्मा हरवेल म्हणून घरी ठेवणारे नातेवाईक पुष्कळ असतात. या चार दिवसांत तो हरवला तरी चालेल.

घरी राहिलेले काका

सगळी धावपळ रुग्णालयाकडे वळलेली असते. इकडे काकांना ब्यूरोतून आलेल्या नव्या मावशी 'जेवण झालं की गोळी' या हिशेबाने औषध देतात. इथे खरा धोका असतो.

पार्किन्सन्सची मुख्य गोळी लेव्होडोपाची. तिचा असर काही तासच टिकतो, म्हणून ती घड्याळाच्या काट्यावर घ्यावी लागते. तासभर उशीर झाला तर माणूस लाकडासारखा ताठ होतो, घास गिळता येत नाही. ती अचानक बंद पडली तर तीव्र ताप, ताठरपणा, शुद्ध हरपणं अशी जिवावरची अवस्था येऊ शकते. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं आतड्यातून शिरताना याच औषधाशी स्पर्धा करतात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी होते म्हणून मेटोक्लोप्रमाइड हे सर्रास मिळणारं औषध दिलं तर पार्किन्सन्स उलट वाढतो. हे सगळं काकूंना पाठ असतं आणि बहुतेकदा कुठेही लिहिलेलं नसतं.

पहिले तीन-चार आठवडे दोघांना एकाच छपराखाली ठेवायचं की काकांना मुलीकडे हलवायचं, यावर कुटुंबं फार काळ वाद घालतात. माझं मत असं की काकू वॉकरवर चालू लागेपर्यंत रात्री तरी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं. नाहीतर हाक आली की त्या उठणारच. खर्चाच्या बाजूने एक गोष्ट: सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्ड आधीच काढून ठेवलेलं बरं. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत याच वाटेने गेलेली माणसं भेटतात, आणि चांगल्या मावशी कुठे मिळतात हे डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

चौकट: फ्रिजवर लावायचा कागद

दोघांपैकी कुणीही पडण्याआधी, आजच लिहावा. प्रत्येक गोळीचं नाव, ताकद आणि नेमकी वेळ. जेवणाआधी की नंतर. चालणार नाहीत ती औषधं, ठळक अक्षरांत. गिळायला त्रास होतो का, पाणी कसं पाजायचं. दारात पाय अडकले तर काय म्हणायचं. डॉक्टर, मेडिकलवाले आणि शेजाऱ्यांचे फोन. किल्लीची दुसरी प्रत कुणाकडे आहे. खाली तारीख. डोस बदलला की कागद बदलायचा. मागच्या बाजूला सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या गोळ्या, ॲलर्जी आणि शेवटची डोळेतपासणी कधी झाली ते.

डिस्चार्जच्या कागदावर जे नसतं

बॉल बसला, टाके निघाले, काकू वॉकरवर आल्या की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ज्या ठिसूळपणामुळे हाड मोडलं तो मात्र तसाच असतो, आणि एक खुबा मोडलेल्याचा दुसराही मोडण्याचा धोका इतरांहून बराच जास्त असतो. २००७ साली खुब्याचं ऑपरेशन झालेल्या २,१२७ रुग्णांवरच्या अभ्यासात झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा दिलं जाणारं सलाइन तपासलं गेलं. ते घेणाऱ्यांत नव्याने हाड मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं २८ टक्क्यांनी कमी होतं. आधी मूत्रपिंडाची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी लागते, सगळ्यांना ते चालतंच असं नाही. पर्यायी औषधं आहेत. पण ऑर्थोपेडिक डॉक्टर हाड जोडून मोकळे होतात, फॅमिली डॉक्टरला वाटतं ऑर्थोपेडिकनी बघितलं असेल, आणि औषध कुणीच लिहीत नाही. टाके काढायला जाल तेव्हा 'हाडं ठिसूळ आहेत त्याचं काय?' असं सरळ विचारा. आणि काकांच्या हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही त्याच सुमारास करून घ्या. पार्किन्सन्सचे रुग्ण स्वतःही वारंवार पडतात.